दोन इंचांचं पिल्लू घेण्याआधी: ठाण्या-नवी मुंबईच्या घरात मोठे मध्य अमेरिकन सिक्लिड

गेल्या वर्षी मार्चमध्ये नेरुळहून भाच्याचा फोन आला. "मामा, पाचातला एकच उरलाय." सहा महिन्यांपूर्वी त्याने कुर्ल्याच्या बाजारातून पाच जॅग्वार सिक्लिड आणले होते. सिक्लिड हे गोड्या पाण्यातल्या माशांचं एक कुळ. प्रत्येक पिल्लू दोन इंचांचं, टाकी अडीच फुटांची. त्यातलं जे पिल्लू झपाट्याने वाढलं, त्याने बाकीच्यांना एकेक करून कोपऱ्यात गाठलं. शेवटचं सकाळी मेलेलं सापडलं, तेव्हा त्याची शेपटी मुळापासून कुरतडलेली होती. पोरगा फोनवर रडवेला झाला होता. त्याने पाणी बदललं होतं, खाणं वेळेवर दिलं होतं, सगळं जीव लावून केलं होतं. फक्त हा मासा केवढा होतो आणि कसा वागतो, हे घेण्याआधी त्याला कोणी नीट सांगितलं नव्हतं. त्याच्यासारख्या नव्या लोकांसाठी हे लिहितोय.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो: पहिल्या टाकीत एकच मोठा मासा ठेवा. पाच नाही, दोनसुद्धा नाही. एकटा ठेवलेला सिक्लिड कंटाळत नाही. तो घरातल्या माणसांकडे लक्ष देतो.

कोणता मासा

हे मासे होंडुरास, निकाराग्वा, कोस्टा रिका, ग्वाटेमाला, मेक्सिको या पट्ट्यातले. निकाराग्वा सरोवर एकटंच 8,000 चौरस किलोमीटरहून मोठं आहे, म्हणजे आजच्या ठाणे जिल्ह्याच्या जवळपास दुप्पट. एवढ्या पाण्यात हाकलला गेलेला मासा दूर निघून जाऊ शकतो. टाकीत त्याला जायला जागाच नसते. मारामाऱ्यांचं मूळ इथे आहे. मासा दुष्ट नसतो, तो आपली हद्द राखत असतो.

जॅग्वार, शास्त्रीय नाव पॅराक्रोमिस मनाग्वेन्सिस, मनाग्वा सरोवरावरून ओळखला जातो. नर घरच्या टाकीत 14 ते 16 इंचांपर्यंत जातो. मायडास आणि रेड डेव्हिल हे दोघे निकाराग्वातलेच, एकमेकांच्या जवळच्या नात्यातले, 12 ते 14 इंचांचे. दुकानात या दोघांचा संकर सर्रास दोन्ही नावांनी विकला जातो. तुमच्या दृष्टीने त्याने फारसा फरक पडत नाही, काळजी सारखीच घ्यायची. टेक्सास सिक्लिड अंगभर निळसर ठिपक्यांचा, फूटभराचा. अमेरिकेत मूळचा असलेला सिक्लिड हा एकटाच. जॅक डेम्प्सी साधारण 8 इंचांचा, 1919 ते 1926 या काळातल्या जगज्जेत्या मुष्टियोद्ध्याच्या नावाचा. फायरमाउथ 6 इंचांचा, चिडला की गळ्याखालचा लालभडक भाग फुगवतो. कन्व्हिक्ट काळ्या पट्ट्यांचा, 4-5 इंचांचा.

डोव्ही नावाचा मासाही कधीकधी विकायला येतो. तो दोन फुटांच्या पुढे जातो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

फ्लॉवरहॉर्न हा निसर्गातला मासा नव्हे. मध्य अमेरिकन सिक्लिडांच्या संकरातून तो 1990च्या दशकात मलेशियात तयार झाला. त्याची टाकी, पाणी, स्वभाव हे सगळं याच लेखात बसतं. ऑस्कर मात्र ॲमेझॉन खोऱ्यातला, त्याचा विषय वेगळा.

तीन फुटांचीच जागा असेल तर फायरमाउथ किंवा कन्व्हिक्ट घ्या. त्यांचा स्वभाव अगदी मोठ्यांसारखाच असतो, अंगानेच लहान. चार फुटांची जागा असेल तर एक डेम्प्सी, एक टेक्सास किंवा एक मायडास. जॅग्वारचा नर तरुणपणी चार फुटी टाकीत भागवून घेतो, पुढे सहा फुटांची तयारी लागते. आणि यातले मोठे मासे 10 ते 15 वर्षं जगतात. आज दहावीत असलेला मुलगा नोकरीला लागेल तेव्हाही मासा घरात असेल. घरच्यांशी आधी बोलून घ्या.

जमीन

बहुतेक जण या पायरीवरून उडी मारून पुढे जातात. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी काठोकाठ 450 लिटरची. वर थोडी जागा सोडून भरलं तरी 400 लिटर पाणी, म्हणजे 400 किलो. बारा एमएमची काच सुमारे 90 किलो, रेती, दगड आणि स्टँड धरून एकूण 600 किलोच्या आसपास. हे सगळं वजन पाऊण चौरस मीटरवर येतं. राहत्या खोल्यांचा स्लॅब आपल्याकडे चौरस मीटरला साधारण 200 किलो वापराचा भार धरून आखतात. तो भार अख्ख्या खोलीभर धरलेला असतो, त्यामुळे टाकी ठेवली की स्लॅब खचतो असं नाही. पण खोलीच्या मधोमध ठेवणं आणि बीमलगत, भिंतीला धरून ठेवणं यात फार फरक आहे. गॅलरीत तर कधीच नको, ती बाहेर लोंबती असते.

मी नौपाड्यात जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. ठाण्यात पावसाळ्याआधी दरवर्षी धोकादायक इमारतींची यादी निघते, हे आपण सगळे वाचतो. स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं असेल तर तो अहवाल काढा आणि त्या इंजिनिअरला जागा दाखवा. इमारत यादीत असेल, स्लॅबच्या खालून गंजलेल्या सळ्या दिसत असतील, तर हा छंद नव्या घरापर्यंत थांबू द्या. खालच्या मजल्यावरच्या काकूंनाही एकदा सांगून ठेवा. गळती झालीच तर पहिला थेंब त्यांच्याच छतातून पडणार आहे.

स्टँड लोखंडी चौकोनी पाइपचा करून घ्या. वागळे इस्टेटमध्ये असं काम करणारे फॅब्रिकेटर आहेत. वर जाड मरीन प्लाय, त्यावर थर्माकोलची शीट आणि त्यावर टाकी. थर्माकोलमुळे बारीक उंचसखलपणा झाकला जातो आणि तळाच्या काचेवर एका ठिकाणी ताण येत नाही. टाकी घरात आणण्याआधी दोन दिवस भरून गळती बघायला सांगा. झाकण जड काचेचं हवं, कारण घाबरलेला सिक्लिड उडी मारतो.

आत काय

रेती किंवा बारीक गोटे, दोन इंचांचा थर. नदीची रेती चाळून, पाणी नितळ येईपर्यंत धुवा. खाडीची रेती नको, तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. दगडांसाठी आपला काळा पाषाण उत्तम. निकाराग्वातली कित्येक सरोवरं ज्वालामुखीच्या मुखात साठलेल्या पाण्याची आहेत आणि आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच, त्यामुळे हा दगड या माशांमागे शोभतोही. येऊरच्या डोंगरातून मात्र उचलू नका, ते राष्ट्रीय उद्यान आहे. बांधकामाचं सामान विकणाऱ्याकडे मिळतो.

दगड रेतीवर ठेवू नका. आधी दगड काचेच्या तळावर, खाली थर्माकोलचा तुकडा देऊन, आणि मग भोवती रेती. कारण हे मासे खोदतात. माझा मायडास रात्री दिवे घालवल्यावर कामाला लागतो. तोंड भरून रेती उचलतो, दोन वेळा चावल्यासारखं करतो, कल्ल्यांतून थोडी गाळतो आणि उरलेली दुसऱ्या कोपऱ्यात थुंकतो. पहिल्या आठवड्यात काचेवर टक टक असा आवाज येऊन आम्ही सगळे जागे झालो होतो. तो सुपारीएवढे खडे तोंडात धरून काचेपाशी टाकत होता. सकाळी बघतो तर मोठ्या दगडाखालची सगळी रेती काढून त्याने खड्डा केलेला. दगड रेतीवर असता तर काचेवरच आडवा झाला असता.

झाडं लावायचा विचार सोडून द्या, तो एकेक उपटून वर तरंगत ठेवतो. हवाच असेल तर मनीप्लांट टाकीच्या वर ठेवा आणि फक्त मुळं पाण्यात सोडा. तीही कुरतडली जातील, पण काही टिकतात.

फिल्टर आणि विरजण

मोठा सिक्लिड खूप खातो आणि तितकीच घाण करतो. 400 लिटरला ताशी 2,500 ते 3,000 लिटर पाणी फिरेल असा फिल्टर हवा. कॅनिस्टर म्हणजे टाकीबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर चांगला, टाकीखाली संप म्हणजे फिल्टरची वेगळी टाकी असेल तर त्याहून चांगलं, कारण हीटर संपमध्ये ठेवता येतो आणि माशाच्या धडकेने फुटत नाही. कमी खर्चात करायचं तर वरचा मोठा टॉप फिल्टर आणि जोडीला दोन मोठे स्पंज फिल्टर. फिल्टरची वूल दर आठवड्याला धुवा. सिरॅमिक रिंग्जना मात्र सहसा हात लावू नका. धुवायच्याच तर टाकीतून काढलेल्या पाण्यात, नळाखाली कधीही नाही.

कारण खरा फिल्टर म्हणजे त्या रिंग्जवर वाढलेले जिवाणू. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया येतो, तो विषारी. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य, पाणी बदलून काढून टाकता येतं. हे जिवाणू नव्या टाकीत नसतात. दुधात विरजण लावल्यावर थांबावं लागतं, तसंच इथे थांबायचं. फक्त रात्रभर नाही, 4 ते 6 आठवडे.

टाकी भरा, क्लोरीन काढा, फिल्टर चालू करा, पाणी 28 अंशांच्या आसपास ठेवा. आता जिवाणूंना अमोनिया द्यायचा. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइडच. शुद्ध, प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्या, कल्हईवाल्याचा नको. 400 लिटरला अडीच ग्रॅम टाकला की अमोनिया साधारण 2 पीपीएम (दहा लाखात दोन भाग) होतो. थेंबांचं टेस्ट किट घ्या आणि दर दोन दिवसांनी वहीत लिहा. आधी अमोनिया उतरायला लागेल आणि नायट्राइट चढेल. मग बरेच दिवस नायट्राइट हलणारच नाही. इथे लोकांचा धीर सुटतो आणि मासा आणला जातो. आणू नका. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा थोडा नवसागर द्या. अडीच ग्रॅम टाकल्यावर 24 तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले, म्हणजे विरजण लागलं. मग अर्ध्याहून जास्त पाणी बदला आणि दुसऱ्या दिवशी मासा आणा.

ओळखीत कोणाची निरोगी, जुनी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला मुरलेला स्पंज मागून घ्या. ओल्या पिशवीतून तासाभरात आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. आठवडे वाचतात. बाटलीतले जिवाणू मी वापरून पाहिलेत, पण जुन्या स्पंजाइतका भरवसा मला त्यांचा वाटत नाही.

नळाचं पाणी

या माशांना पीएच 7 ते 8 आणि थोडं जड, म्हणजे क्षार असलेलं पाणी मानवतं. नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी येतं, ठाण्याला मुख्यतः भातसा आणि उल्हास नदीचं. हे पाणी त्यांना चालतं, त्यात कसलीही पावडर मिसळत बसू नका. टँकरचं किंवा बोअरिंगचं पाणी असेल तर टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) आणि पीएच मोजल्याशिवाय टाकू नका, आणि एका दिवशी नळाचं, दुसऱ्या दिवशी टँकरचं असं तर मुळीच नको.

क्लोरीनची गोष्ट मी अनुभवाने शिकलो. एकदा आमच्या इमारतीच्या गच्चीवरच्या टाक्या ब्लीचिंग पावडरने धुतल्या गेल्या. मी गावाहून त्याच संध्याकाळी परतलो होतो, खालची नोटीस वाचली नाही आणि नेहमीसारखं पाणी बदललं. अँटीक्लोरीनही, म्हणजे क्लोरीन मारणारं औषध, नेहमीएवढंच टाकलं. दहा मिनिटांत मासा वर येऊन तोंड उघडझाप करायला लागला, अंगावर धुक्यासारखा पांढरा थर आला. अँटीक्लोरीनची मात्रा वाढवली, दोन एअर पंप लावले, रात्री दोनपर्यंत समोर बसून होतो. तो वाचला, पण पंखांच्या कडा झडल्या आणि त्या भरायला दीड महिना गेला. तेव्हापासून क्लोरीन तपासायचे थेंब घरात असतात. कपभर पाण्यात टाकले की क्लोरीन असल्यास पिवळा रंग येतो. पावसाळ्यात पाणी गढूळ होतं आणि क्लोरीनचा डोसही वाढतो, तेव्हा प्रत्येक वेळी तपासा.

दर आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदला. म्हणजे 130 लिटरच्या आसपास. बादल्यांनी कंबर मोडते, त्यामुळे पाइप लावा. काढलेलं पाणी मोरीत सोडू नका. त्यातलं नायट्रेट म्हणजे खत. आमच्या सोसायटीच्या जास्वंदीला आणि कढीपत्त्याला ते जातं. पाणीकपातीच्या दिवसांत खाणं निम्म्यावर आणा. कमी खाणं, कमी घाण, मग पाणी दोन आठवडे निभावतं. नळाचं पाणी थेट टाकीत सोडत असाल तर अँटीक्लोरीन बदललेल्या पाण्यापुरतं नाही, पूर्ण टाकीच्या हिशोबाने टाका.

खाणं

रोजचं मुख्य खाणं चांगल्या कंपनीच्या पेलेट, म्हणजे तयार खाण्याच्या गोळ्या. पिल्लाला दिवसातून दोनदा, वर्षाच्या पुढच्या माशाला एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. आठवड्यातून एक दिवस उपास. दोन-तीन वेळा सोललेली कोळंबी, मधूनच उकडलेला, साल काढलेला मटार. मटण-चिकन नको, त्यातली चरबी माशाला पचत नाही. जिवंत गोल्डफिश सोडून शिकारीची मजा बघणारे लोक आहेत, मला ते मनापासून आवडत नाही. त्या माशांबरोबर रोग येतात, आणि त्यांच्या अंगातलं थायमिनेज ब१ जीवनसत्त्व नष्ट करतं.

रविवारी बायको कोळंबी सोलायला बसली की टाकी हॉलमध्ये असूनही याला कळतं. काचेच्या त्या टोकाला जाऊन तो स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून थांबतो, पंख ताठ. डोळा फिरवून विळीवरचा हात बघतो. कोळंबी आणणारा मीच असतो, पण ओळख त्याने तिची ठेवली आहे.

हाच मायडास आणला तेव्हा करड्या रंगाचा, काळ्या डागांचा होता. आठव्या महिन्यात शेपटीजवळचा करडा रंग उतरायला लागला, आणि पाच आठवड्यांत तो पूर्ण केशरी झाला. निसर्गात दहातला जेमतेम एखादा असा होतो, बाकीचे आयुष्यभर करडेच राहतात. रंग उतरताना मासा आजारी पडला असं वाटून औषधं ओतू नका.

खरा आजार ओळखायचा तो डोक्यावर बारीक खड्डे पडायला लागले की. नायट्रेट वाढलेलं पाणी आणि एकाच प्रकारचं खाणं ही त्यामागची नेहमीची कारणं. आधी नायट्रेट मोजा, ते 40 पीपीएमच्या खाली आणा, मग औषधाचा विचार करा.

ऊन, गारठा, वीज

25 ते 28 अंश चांगलं. मे महिन्यात आपल्याकडे पाणी 31-32 वर जातं. मासा सहन करतो, पण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून एअर पंप वाढवा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर टेबल फॅन लावा. जानेवारीच्या रात्रींसाठी 300 वॉटचा हीटर, जाळीच्या आवरणासह. सगळ्या वायरी प्लगच्या पातळीखाली एक झोळ घेऊन मग वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न जाता खाली ठिबकतं. ईएलसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर टाकीआधी तो बसवा.

वीज गेली तर पाण्यातला प्राणवायू आधी संपतो, थंडी-उष्णता नंतर. बॅटरीवरचा एअर पंप चार्ज करून ठेवा. वीज चार तासांहून जास्त गेली असेल तर बंद कॅनिस्टरमधलं पाणी सडलेलं असतं. ते ओतून द्या, आतलं सामान टाकीच्या पाण्यात खळबळा आणि मगच तो सुरू करा.

जोडीचा मोह

वर्षभरात प्रत्येकाला वाटतं, आता मादी आणूया. या माशांचं पालकत्व खरंच बघण्यासारखं आहे. दोघे मिळून सपाट दगड साफ करतात, अंड्यांवर पंखांनी पाणी घालतात, पिल्लांचा थवा घेऊन फिरतात. मायडासची पिल्लं तर आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव टिपून खातात. पण चार फुटी टाकीत मादी अंड्यांसाठी तयार नसली तर नर तिला एका रात्रीत मारू शकतो. सहा फुटी टाकी आणि मध्ये भोकांची ॲक्रिलिकची आडभिंत नसेल तर जोडी लावू नका. आणि जॅग्वारची मादी एका वेळी हजारावर अंडी घालते. ती पिल्लं घेणारं कोणी भेटत नाही. ज्यांना पालकत्वच बघायचंय त्यांनी कन्व्हिक्टची जोडी ठेवावी, तीन फुटी टाकीत सगळं दिसतं.

नाहीच जमलं तर

बदली झाली, घर बदललं, काहीही होऊ शकतं. मासा दुकानात परत द्या, दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. मासुंदा तलावात, उपवनला, खाडीत किंवा कुठल्याच धरणात सोडू नका. जॅग्वार आणि मायडास दोन्ही अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या कालव्यांमध्ये माणसांमुळेच पोचून आज वस्ती करून आहेत. इंडोनेशियातल्या टोबा सरोवरात रेड डेव्हिल पसरलाय, तिथल्या कोळ्यांच्या जाळ्यात मूळचे मासे सोडून तोच येतो. आपल्या तलावांत तिलापिया आणि सकर आधीच शिरलेत. ते तलाव आपल्या मरळ-खवल्यांचे आहेत.

भाच्याचा उरलेला जॅग्वार आता साडेदहा इंचांचा आहे, चार फुटी टाकीत एकटा. सहा फुटीसाठी त्याने बेडरूमची बीमलगतची भिंत ठरवली आहे, इंजिनिअरला दाखवून झाली आहे, येत्या रविवारी फॅब्रिकेटर माप घ्यायला येईल. नव्या फिल्टरसाठीचे दोन मोठे स्पंज गेल्या महिन्यापासून माझ्या संपमध्ये मुरत पडलेत.